खाप्याचे मँगनीज आणि 'नॅनो'चे आकर्षण

विशेष प्रतिनिधी
खापा (जि. नागपूर)

कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे सावनेर तालुक्यातील छोटे शहर एकेकाळी हातमागाच्या विणकामासाठी ओळखले जाई. मागांचा आवाज आता क्षीण झाला आहे. मात्र शहरालगतच्या गुमगाव खाणीतून निघणाऱ्या काळ्या, जड दगडाचे महत्त्व कमी झालेले नाही. हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज, आणि ते काढणारी कंपनी म्हणजे नागपूरच्या काटोल मार्गावर मुख्यालय असलेली, केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'मॉईल'. खाणीत उतरणारा कामगार आणि नागपुरात बसून या कंपनीच्या समभागाचा भाव रोज पाहणारा निवृत्त कारकून, या दोघांच्या मिळकतीचा धागा एकाच खनिजाशी बांधलेला आहे. गेल्या काही वर्षांत या धाग्याला एक नवा रंग चढला. मँगनीज आता केवळ पोलादाचे खनिज राहिलेले नाही, तर ते विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरीचे, प्रगत पदार्थांचे, इतकेच नव्हे तर 'नॅनो' तंत्रज्ञानाचे कच्चे द्रव्य आहे, असे बाजारातील चर्चेत सांगितले जाऊ लागले. या सांगण्यात तथ्य किती आणि स्वप्न किती, हे छोट्या गुंतवणूकदाराने स्वतःच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

'नॅनो' हा शब्द मराठी घराला परका नाही. जानेवारी २००८ मध्ये टाटांनी लाखाच्या मोटारीचे अनावरण केले तेव्हा तो घरोघरी पोहोचला, आणि २०२१ मध्ये इफ्कोने बाटलीतला नॅनो युरिया बाजारात आणला तेव्हा तो बांधावरही गेला. मोटारीच्या नावात त्याचा अर्थ 'चिमुकली' एवढाच होता. विज्ञानात मात्र तो नेमका आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या कणांत फोडला तर सर्व कणांचे मिळून क्षेत्रफळ सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर होते. पदार्थ तोच, वजनही तेच. परंतु रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने त्याचे वागणे पार बदलते. नॅनो पदार्थांचे सारे आकर्षण, आणि त्यांच्याभोवती उभे राहणारे शेअर बाजारातील सारे गारुड, या साध्या गणितातून आलेले आहे.

सव्वाशे वर्षांचा वारसा

मॉईलची मुळे १८९६ मध्ये स्थापन झालेल्या 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट'पर्यंत जातात. पुढे हीच संस्था 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' या नावाने चालली. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यातील खडकांचा अभ्यास भूवैज्ञानिक फर्मोर यांनी केला आणि १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवरचा आपला बृहद् ग्रंथ प्रसिद्ध केला. या भागातील एका खडकाला त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिले, ते जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले. १९६२ मध्ये भारत सरकार आणि ब्रिटिश कंपनी यांच्यातील करारानुसार मॉईल स्थापन झाली. केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तिघांकडे मिळून ५१ टक्के आणि ब्रिटिश कंपनीकडे ४९ टक्के अशी ती विभागणी होती. १९७७ मध्ये उरलेला वाटाही सरकारने घेतला. गुमगाव, कांद्री, मनसर, बेलडोंगरी, चिखला, डोंगरी बुजुर्ग, आणि पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट, उकवा, तिरोडी ही या कंपनीच्या खाणींची नावे. यांपैकी बालाघाटची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण समजली जाते.

छोट्या गुंतवणूकदाराचा या कंपनीशी थेट संबंध आला तो २०१० च्या अखेरीस. २६ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात झालेल्या भागविक्रीत केंद्राने १० टक्के आणि दोन्ही राज्यांनी प्रत्येकी ५ टक्के हिस्सा विकायला काढला. पट्टा होता ३४० ते ३७५ रुपये, आणि किरकोळ गुंतवणूकदारांसाठी ५ टक्के सवलत होती. 'सेबी'ने किरकोळ गुंतवणूकदाराची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये केल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. कर्मचाऱ्यांसाठीही राखीव हिस्सा ठेवलेला होता. साहजिकच भूगर्भात उतरणाऱ्या कामगाराला आपल्याच खाणीचा भागीदार होण्याची संधी मिळाली. विक्रीला एकूण ५६ पट मागणी आली, आणि किरकोळ गटातही ती तीसपटींहून अधिक होती. १५ डिसेंबरला समभागाची नोंदणी झाली तेव्हा भाव ५५१ रुपयांवर उघडला, आणि सायंकाळपर्यंत पावणेपाचशेच्याही खाली आला.

या पहिल्या दिवसाने दोन प्रकारचे गुंतवणूकदार निर्माण केले. ज्याला वाटपात समभाग मिळाले त्याचा खर्च सवलत धरून ३५६ रुपये २५ पैसे. ज्याला मिळाले नाहीत आणि ज्याने सकाळच्या उत्साहात बाजारातून घेतले, त्याचा साडेपाचशेच्या घरात. कंपनी एकच, खनिज एकच, दिवसही एकच. पण दुसऱ्याला आपले मुद्दल पुन्हा पाहण्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. समभागाच्या गुणवत्तेइतकाच खरेदीचा भावही महत्त्वाचा असतो, हे वाक्य गुंतवणुकीच्या प्रत्येक पुस्तकात असते. नागपूरकरांना त्याचा प्रयोग स्वतःच्या खर्चाने पाहायला मिळाला.

२०१७ मध्ये कंपनीने एकास एक बक्षीस समभाग दिले. त्यामुळे मूळ वाटपधारकाचा खर्च प्रति समभाग १७८ रुपयांवर आला. मार्च २०२० च्या पडझडीत भाव शंभर रुपयांच्याही खाली गेला होता, आणि जुलै २०२४ मध्ये तो ५८० रुपयांच्या पुढे जाऊन आला. या दोन टोकांच्या दरम्यान बॅटरीची कथा जन्माला आली, वाढली आणि अनेकांच्या खरेदीचे कारण बनली.

भाव कोणी वाढवला?

आता २०२४ च्या उसळीचे कारण काय होते ते पाहू. मार्च २०२४ मध्ये 'मेगन' नावाचे चक्रीवादळ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील ग्रूट आयलंड बेटावर धडकले आणि तेथील 'साऊथ३२' कंपनीच्या खाणीचा माल चढवण्याचा धक्का त्याने निकामी केला. उच्च प्रतीच्या मँगनीज खनिजाचा हा जगातील प्रमुख पुरवठा एकाएकी थांबला. आंतरराष्ट्रीय भाव भडकले, आणि त्या पाठोपाठ मॉईलचे खनिजही महागले. पुढच्या काही महिन्यांत टंचाईची धास्ती ओसरली, चीनमधील पोलादाची मागणी मंदावली, भाव खाली आले. समभागही २०२५ च्या आरंभी तीनशेच्या घरात परतला. बेटावरून निर्यात पुन्हा सुरू झाली ती मे २०२५ मध्ये. या संपूर्ण चढउतारात विजेवरच्या मोटारींचा वा नॅनो पदार्थांचा वाटा शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. ऑस्ट्रेलियातील एका धक्क्याचे नुकसान आणि चीनमधील भट्ट्यांची भूक, या दोन गोष्टींनी खाप्याच्या दगडाची किंमत ठरवली.

यात आश्चर्य नाही. जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे ९० टक्के पोलाद उद्योगात जाते. लोखंडाच्या रसातील प्राणवायू आणि गंधक बांधून ठेवणे व पोलादाला चिवटपणा देणे हे त्याचे काम, आणि त्याला सोयीचा पर्याय अद्याप सापडलेला नाही. मॉईलचे बहुतेक खनिज फेरोमँगनीज आणि सिलिकोमँगनीजच्या भट्ट्यांत जाते. कंपनी आपल्या प्रतवारीनुसार खनिजाचे दर ठरवते आणि ते शेअर बाजाराला कळवते. ४४ टक्के मँगनीज असलेला माल कितीने वाढला, २५ टक्क्यांचा कितीने उतरला, भुकटीचे काय झाले, हे सारे त्या एका पानाच्या पत्रात असते. जाणता छोटा गुंतवणूकदार महिन्याच्या आरंभी या पत्राची वाट पाहतो. त्याची ही सवय योग्यच म्हणावी लागेल, कारण कंपनीच्या नफ्याचे सर्वांत प्रामाणिक भाकीत त्याच पानावर असते.

बॅटरीच्या कथेला आधार आहे, पण किती?

तथापि बॅटरीची कथा निराधार आहे असे म्हणणेही अन्यायाचे होईल. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खनिज मँगनीज डायऑक्साइडने समृद्ध असून कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला ते पूर्वापार पुरवले जाते. तेथेच मॉईलचा विद्युतविश्लेषी मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. खनिज भाजून त्यातील प्राणवायू कमी करायचा, ते गंधकाम्लात विरघळवायचे, द्रावण शुद्ध करायचे आणि त्यात वीज सोडून धनाग्रावर शुद्ध डायऑक्साइडचा थर जमवायचा, नंतर तो खरवडून, धुऊन, दळून घ्यायचा, अशी ही प्रक्रिया. तयार होणारी काळी भुकटी टॉर्चच्या सेलमध्ये जाते. हा खाणकाम नव्हे, पदार्थनिर्मितीचाच उद्योग आहे, आणि तो १९९० च्या दशकापासून चालू आहे.

विजेवरच्या मोटारींना मात्र यापेक्षा वेगळे रसायन लागते. निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांच्या मिश्रणाच्या बॅटरीसाठी अतिशुद्ध मँगनीज सल्फेट हवे असते, आणि त्यातील अशुद्धी दशलक्षात मोजक्या भागांवर आणावी लागते. डोंगरी बुजुर्गच्या टाकीतील द्रावण आणि हे सल्फेट यांच्यातील रासायनिक अंतर थोडे आहे. व्यापारी अंतर फार मोठे आहे. जगातील बॅटरी दर्जाच्या मँगनीज सल्फेटपैकी ९० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये तयार होते. बॅटरी बनवणारा कारखाना नवा पुरवठादार स्वीकारण्यापूर्वी त्याचे नमुने दीर्घकाळ तपासतो, आणि भारतात असे कारखानेच अजून बाल्यावस्थेत आहेत. केंद्राने २०२१ मध्ये प्रगत बॅटरींसाठी १८,१०० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिची कूर्मगती सर्वांसमोर आहे.

आकडे मांडून पाहिले तर चित्र अधिक स्वच्छ होते. मॉईलच्या विद्युतविश्लेषी डायऑक्साइडची क्षमता हजार-दीड हजार टनांच्या घरातली. टनाला दोन लाख रुपये भाव धरला आणि कारखाना पूर्ण क्षमतेने चालला असे मानले, तरी वर्षाची विक्री ३० कोटी रुपये होते. २०२४-२५ मध्ये कंपनीची एकूण विक्री सुमारे १,५८५ कोटी आणि करोत्तर नफा सुमारे ३८२ कोटी रुपये होता. म्हणजे ज्या पदार्थामुळे कंपनीला 'बॅटरीची कंपनी' म्हणायचे, तो शंभर रुपयांतील दोन रुपये आणतो. उरलेले अठ्ठ्याण्णव बव्हंशी दगडातून येतात. त्याच वर्षी १८.०२ लाख टन हे कंपनीच्या इतिहासातील सर्वाधिक उत्पादन झाले, आणि गुंतवणूकदाराच्या दृष्टीने खरी बातमी ती होती. वार्षिक अहवालात खाणकाम, उत्पादित माल आणि वीज असे तीन विभाग स्वतंत्र दाखवलेले असतात. ते पान उघडायला पाच मिनिटे लागतात, पण बातमीच्या मथळ्यावर समभाग घेणाऱ्यांपैकी किती जण ते उघडतात याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

आणखी एक बाब. २०२३ मध्ये केंद्राने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी प्रसिद्ध केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट त्यात आहेत. मँगनीज नाही. अमेरिकेने २०२२ च्या आपल्या यादीत मँगनीजला स्थान दिले आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरी दर्जाच्या मँगनीजला. ज्यांच्याकडे ते मुबलक नाही त्यांनी ते मोलाचे मानले, आणि ज्यांच्या पायाखाली ते आहे त्यांच्या यादीत ते नाही. देशात खनिज उपलब्ध असल्याने ते टंचाईच्या यादीत नसावे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण उपलब्ध आहे ते खनिज, बॅटरी दर्जाचे सल्फेट नव्हे, हा भेद त्या यादीत पुसला गेला असे वाटते.

कंपनीच्या जुन्या संकल्पांचाही येथे विचार करावा लागेल. २०१० च्या भागविक्रीच्या वेळी 'सेल'बरोबर भिलाईजवळ आणि राष्ट्रीय इस्पात निगमबरोबर आंध्रातील बोब्बिली येथे मिश्रधातूचे संयुक्त प्रकल्प हे विस्ताराचे मोठे आकर्षण म्हणून मांडले गेले होते. ते दोन्ही प्रकल्प उभे राहिले नाहीत. बॅटरी दर्जाच्या मँगनीजपेक्षा मिश्रधातूची भट्टी ही कितीतरी परिचित गोष्ट, ग्राहकही हाताशी, आणि तरीही ते जमले नाही. पुढच्या घोषणा वाचताना हा इतिहास नजरेसमोर असलेला बरा.

जगातील नॅनोचे अनुभव

ज्या कंपन्या खरोखरच नॅनो पदार्थ बनवतात, त्यांच्या छोट्या भागधारकांचे काय झाले? अमेरिकेतील 'नॅनोसिस'ने २००४ मध्ये भागविक्रीची तयारी केली तेव्हा नॅनो तंत्रज्ञानाची ही पहिली मोठी परीक्षा मानली गेली. कंपनीकडे पेटंटे भरपूर होती, विक्रीयोग्य माल नव्हता. ऑगस्टमध्ये विक्रीच मागे घ्यावी लागली. त्या मानाने 'ए१२३ सिस्टिम्स'ची कहाणी अधिक बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने लोह फॉस्फेटचे कण नॅनो आकारात आणून त्यांची वीजवहनाची उणीव दूर केली, आणि त्या पदार्थाला 'नॅनोफॉस्फेट' हे व्यापारी नावच दिले. सप्टेंबर २००९ मध्ये साडेतेरा डॉलरने विकलेला समभाग पहिल्याच दिवशी वीस डॉलरच्या आसपास बंद झाला. अमेरिकी सरकारने सुमारे २५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले होते. विज्ञान खोटे नव्हते, माल खोटा नव्हता, सरकारही पाठीशी होते. मात्र मोटारींची मागणी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, २०१२ च्या वसंतात सदोष सेल परत घ्यावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालमत्ता चीनच्या 'वानशियांग'ने घेतली. तोच लोह फॉस्फेट आज जगातील असंख्य मोटारींत धावतो आहे. पदार्थ जिंकला, समभागधारक बुडाला.

इंग्लंडमधील 'अप्लाइड ग्राफीन मटेरियल्स' ही डरहॅम विद्यापीठातून निघालेली कंपनी २०१३ मध्ये १५५ पेन्सने बाजारात आली आणि दहा वर्षांनी तिचा व्यवसाय किरकोळ किमतीला कॅनडातील कंपनीला विकला गेला. 'नॅनोको'च्या भागधारकांची गोष्ट निराळी. मँचेस्टरच्या या कंपनीने दूरचित्रवाणी संचांत वापरल्या जाणाऱ्या नॅनो कणांच्या पेटंटवरून सॅमसंगवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा लावला. हजारो छोटे गुंतवणूकदार न्यायालयातील प्रत्येक तारखेवर डोळे लावून बसले. जानेवारी २०२३ मध्ये खटला उभा राहण्याच्या तोंडावर तडजोड झाल्याचे जाहीर झाले आणि समभाग कोसळला, कारण अपेक्षा याहून मोठ्या होत्या. रक्कम ठरली १५ कोटी डॉलर. कंपनी जिंकली होती, पैसेही मिळाले होते, आणि तरीही आदल्या आठवड्यात खरेदी केलेला माणूस तोट्यात गेला.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कारखाना असलेली 'बिलकेअर' ही औषधांच्या वेष्टनांच्या व्यवसायातील अग्रेसर कंपनी. सूक्ष्म आणि नॅनो आकाराच्या कणांच्या ठशावर आधारलेली, नक्कल न करता येणारी ओळखपट्टी तिने विकसित केली. बनावट औषधांचा प्रश्न पाहता ही कल्पना नामी होती आणि त्या काळी नामांकित गुंतवणूकदारांनाही कंपनीचे आकर्षण होते. २०१० मध्ये तिने युरोपातील 'इनिऑस'चा फिल्म व्यवसाय विकत घेतला. पुढे कर्जाचा भार वाढला, समभाग घसरला, आणि जनतेकडून घेतलेल्या मुदत ठेवी वेळेवर परत करणे कंपनीला जमेना. पुण्यातील अनेक निवृत्तांनी समभागाची जोखीम नको म्हणून ठेवी ठेवल्या होत्या. त्यांची निकड तंत्रज्ञानाशी नव्हे, व्याजाशी होती. नक्कल न होणाऱ्या ओळखपट्टीचा त्यांना काय उपयोग?

या साऱ्या उदाहरणांशी तुलना करता मॉईलचा भागधारक भाग्यवान म्हणावा लागेल. कंपनीवर कर्जाचे ओझे नाही, लाभांश नियमित मिळतो, खनिजाला गिऱ्हाईक आहे. ऑस्ट्रेलियातील वादळाने त्याला फायदा झाला, तसे चीनमधील मंदीने नुकसान होईल. परंतु ए१२३ प्रमाणे एका सदोष सेलमुळे त्याची कंपनी नाहीशी होण्याचा संभव नाही. दगडाला प्रयोगशाळेची मान्यता लागत नाही. म्हणूनच अशा कंपनीला 'नॅनो'ची झूल पांघरून तिचा समभाग दुप्पट किमतीला घेणे हा दुहेरी तोट्याचा व्यवहार ठरतो. जोखीम खाणीची राहते आणि किंमत मात्र प्रयोगशाळेची मोजावी लागते.

शास्त्रीय अंगानेही एक इशारा देणे आवश्यक आहे. मँगनीजच्या बाबतीत कण जितका बारीक तितका चांगला, असे सरसकट म्हणता येत नाही. लिथियम मँगनीज ऑक्साइडच्या बॅटरीत मँगनीज हळूहळू द्रावणात विरघळते व बॅटरीचे आयुष्य घटते, हा जुना प्रश्न आहे. पृष्ठभाग वाढला की विरघळणेही वाढते. त्यामुळे संशोधकांना कण बारीक करण्याबरोबरच त्यांच्यावर आवरण चढवावे लागते, आणि त्याचा खर्च वेगळा. भारताने मे २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले, त्यातून संशोधनाचा पाया निश्चितच विस्तारला. पण शोधनिबंध आणि टनावारी विक्री यांच्यामधली दरी भरून काढण्याचे काम निधीच्या घोषणेने होत नाही.

सरकार नावाचा मोठा भागीदार

छोट्या भागधारकाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे, आणि तिचा ना नॅनोशी संबंध आहे ना बॅटरीशी. कंपनीचे सुमारे ६५ टक्के समभाग केंद्र व दोन राज्यांकडे आहेत. २०१० मध्ये सरकारने ३७५ रुपयांनी समभाग विकले. २०१६ मध्ये कंपनीने २४८ रुपये भावाने सुमारे ८६३ कोटी रुपयांची समभाग पुनर्खरेदी केली, आणि त्यातील मोठा वाटा साहजिकच सरकारकडून आला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, मँगनीजचे भाव वाढलेले असताना केंद्राने १० टक्के हिस्सा किमान ३६५ रुपये दराने पुन्हा बाजारात विकला. हे सर्व नियमांत बसते. पुनर्खरेदीत छोट्या भागधारकांसाठी १५ टक्के राखीव असतात हेही खरे. पण कंपनीची साठलेली रोकड खाणीच्या विस्तारात जाईल, नव्या रसायनाच्या कारखान्यात जाईल, की अर्थसंकल्पाची तूट भरायला जाईल, हा निर्णय नागपुरात होत नाही, तो दिल्लीत होतो. २०२२ मध्येही २०५ रुपयांनी सुमारे ६९४ कोटींची पुनर्खरेदी झाली. बॅटरी दर्जाच्या मँगनीजचा कारखाना उभारायला लागणारे भांडवल कंपनीकडे नव्हते, असे त्यामुळे कोणालाच म्हणता येणार नाही. ते दुसरीकडे गेले.

'सेबी'च्या नियमांनी काही दारे बंद केली आहेत. नावात नवा व्यवसाय सूचित करणारा बदल करायचा असेल तर आदल्या वर्षीच्या महसुलापैकी किमान निम्मा त्या व्यवसायातून आलेला असावा लागतो. १९९९-२००० मध्ये ज्याच्या त्याच्या नावापुढे 'इन्फोटेक' लागले, तसे आज 'नॅनो' लावता येत नाही. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने गुंतवणूक शिक्षणाच्या नावाखाली ताज्या भावांचे दाखले देत शिफारशी करणाऱ्यांनाही चाप लावला. पण नावाला लावलेला नियम कथेला लागू होत नाही. एखाद्या कंपनीच्या दीड हजार टनांच्या कारखान्यावरून कोणी तिला उद्याची बॅटरी कंपनी म्हटले, तर तो विश्लेषणाचा भाग ठरतो.

खाप्यापुरते बोलायचे तर गणित आणखी सरळ आहे. मँगनीज खनिजावर सरासरी विक्री किमतीच्या पाच टक्के स्वामित्वधन राज्याला मिळते, आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांवर त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा करावी लागते. खाणबाधित गावांचे पाणी, आरोग्य, शाळा यांसाठी ती आहे. ही सारी आकारणी खनिजावर होते, त्यापासून पुढे बनणाऱ्या पदार्थावर नाही. गुमगावच्या खनिजापासून उद्या अतिशुद्ध सल्फेट बनले, त्याचे नॅनो कण झाले आणि ते कण लाखो रुपये टनाने विकले गेले, तरी खाप्याच्या वाट्याला येणारी रक्कम खाणीच्या तोंडाशी असलेल्या भावावरच ठरेल. विद्युतविश्लेषी डायऑक्साइडचा कारखाना भंडारा जिल्ह्यात, फेरोमँगनीजची भट्टी बालाघाटला आणि समभागांचे व्यवहार मुंबईत. खाप्यात राहतो तो दगड, तो काढणारे हात, आणि दर महिन्याच्या आरंभी शेअर बाजाराला जाणारे ते एक पानाचे दरपत्रक.